दोन दिवसांपुरतं नाटक करायला सांगू नका

मेलबर्नहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं सासर साताऱ्याचं. येत्या पौषात सासऱ्यांना जाऊन वर्ष होतं, वर्षश्राद्धाला सगळे येणार. त्याला जोडूनच पालीच्या खंडोबाची यात्रा, म्हणून तळीही भरायची आहे. पण २१ वर्षांच्या मुलाने सांगून टाकलंय, "मी येतो, पण पिंडाला हात लावणार नाही आणि तळी उचलणार नाही. देव आहे असं मला वाटत नाही." वडील चिडून म्हणतात, मग तुझं तिकीटच काढत नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या. ताई विचारतात, "दोन दिवसांपुरतं नाटक कर, आजीचं मन राख, असं मी त्याला सांगितलं तर चुकलं कुठे? नाहीतर भावकी म्हणेल, परदेशात नेऊन पोरगं बिघडवलं."

ताई, नाटक करायला सांगू नका. ते मी स्वतः करून बसले आहे.

माझे यजमान नास्तिक होते आणि सासूबाई माळकरी. लग्नानंतरची पहिली सात-आठ वर्षं आम्ही नोकरीपायी सोलापूरला होतो. दर एकादशीला सासूबाई विचारायच्या, "त्याने उपास धरला ना?" आणि मी म्हणायची, धरला. एकदा त्या न कळवता आल्या, तेही एकादशीलाच. हे ओट्याजवळ उभे राहून कांदाभजी खात होते. मुलाला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. रात्री अंथरुणं घालताना मला म्हणाल्या, "तो जेवतो हे मला तो कॉलेजात होता तेव्हापासून ठाऊक आहे. तू धरला म्हणायचीस, मी गप्प राहायचे. पण आता तू सांगितलेलं दुसरं काय काय खरं धरू?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मुलाचा अविश्वास त्यांनी केव्हाच पचवला होता. सुनेचं खोटं मात्र त्यांना लागलं.

त्यानंतर घरात एक मोकळेपणा आला. दरवर्षी माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की हे रजा काढून आईला लोणंदला नेत. त्यांची पिशवी हे उचलत, पाण्याची बाटली भरून देत, गर्दीत हाताला धरून पालखीपर्यंत पोचवत आणि स्वतः मागे रस्त्याच्या कडेला उभे राहत. दर्शन घे असा आग्रह त्यांनी कधी केला नाही, आणि यांनीही त्यांच्या माळेबद्दल कधी काही म्हटलं नाही.

अवघड दिवस पुढे आला. सासूबाई गेल्या तेव्हा दहाव्याला आम्ही सगळे संगम माहुलीच्या घाटावर होतो. पिंडदान धाकट्या दिरांनी केलं, हे बाजूला उभे होते. कावळा शिवेना. अर्धा तास गेला, तास गेला, ऊन चढलं. भावकीतलं कुणीतरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "थोरला असा हात बांधून उभा राहिल्यावर शिवेल कसा?" यांनी ऐकलं आणि नदीकडे तोंड फिरवलं. ज्या मुलाने आईचं शेवटचं दीड वर्ष अंथरुणातलं सगळं केलं, त्याला ते वाक्य ऐकावं लागलं, हे मी आजवर विसरू शकलेले नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी उठली.

तो दर्भाचा कावळा लक्षात ठेवा, ताई. कावळा आला नाही तर काय करायचं, याची तजवीज आपल्याच रीतीत आहे. जिथे कावळ्यावाचून भागतं तिथे एका नातवाच्या हातावाचून अडायचं नाही. पिंड तुमचे यजमान देतील, तो त्यांचा मान आहे. तळी उचलायला घरात पुरेसे हात आहेत.

आता ते "परदेशात बिघडला". ही समजूत तुमच्या मनातून आधी काढायला हवी, कारण ती खरी नाही. कराडजवळच्या टेंभूचं नाव आज आटपाडी-खानापूरच्या दुष्काळी भागात पाणी नेणाऱ्या योजनेमुळे घेतलं जातं. त्याच टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. देवाधर्माच्या नावावर चालणाऱ्या प्रत्येक रूढीला त्यांनी बुद्धीची कसोटी लावली, म्हणून पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढणाऱ्या जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. ते नास्तिक नव्हते, निर्मिकाला म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्याला मानत, पण देव आणि माणूस यांच्यात भटजी कशाला, हा त्यांचा सवाल आपल्या भागातल्या गावोगावच्या लग्नमांडवांत पोचला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे उघड बुद्धिवादी झाले. आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर तर साताऱ्याचेच. १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम त्यांनी याच शहरातून उभं केलं. स्वतः देव न मानणारे डॉक्टर जाहीरपणे सांगत की समितीचा विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आहे. म्हणूनच वारी करणारी माणसंही त्यांच्याबरोबर कामाला होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि साताऱ्यात कुठलाही धार्मिक विधी न करता त्यांना निरोप दिला गेला. तुमच्या मुलाने विमानातून काही नवीन आणलेलं नाही. त्याचे विचार इथल्या मातीलाही ओळखीचे आहेत.

मात्र एक फरक त्याला तुम्हीच समजावून सांगायला हवा. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत ३८.९ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असं नोंदवलं, २०१६ मध्ये ते ३० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे त्याच्या वर्गात देव न मानणं ही साधी गोष्ट आहे, त्याची किंमत मोजावी लागत नाही. इथे २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींत धर्म न नोंदवलेले जेमतेम २९ लाख. न मानणारे त्याहून कितीतरी जास्त असतील, पण ते कागदावर जन्माचा धर्म लिहितात आणि आरतीला मागच्या रांगेत उभे राहतात. माझ्या ओळखीत असे शिक्षक आहेत, बँकेत काम करणारी मुलगी आहे, गणेश मंडळाचा एक माजी खजिनदारही आहे. पूर्वी असं कुणी आढळलं की गावभर चर्चा व्हायची, आता घरटी नाही तरी गल्लीगणिक एखादा असतोच. तरी ते मोठ्याने बोलत नाहीत. मुलीचं लग्न ठरायचं असतं, म्हातारे आईवडील असतात. या माणसांना तुमच्या मुलाने भित्रं समजू नये. त्याला जे फुकट मिळालं ते त्यांना तसं मिळत नाही.

प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. आजीला त्याने स्वतः फोन करावा, तिकीट काढायच्या आधी, मराठीत. तुम्ही शेजारी बसू नका. 'नास्तिक' हा शब्द त्याने वापरू नये. आपल्याकडे तो शिवीसारखा ऐकू येतो, कशाचीच चाड नसलेला माणूस असा त्याचा अर्थ घेतला जातो. त्याने इतकंच म्हणावं, "आजी, देव आहे असं मला वाटत नाही, म्हणून मी पिंडाला हात लावला तर ते खोटं होईल. पण आजोबांसाठी मी येतोय. तू सांगशील ते दुसरं काम करीन." मग आजी रडल्या तर त्याने ऐकून घ्यावं. वाद घालू नये.

दुसरं काम भरपूर असतं. पंगतीत वाढायचं, बायकांना गाडीतून न्यायचं-आणायचं, आजोबांचे जुने फोटो काढून कुणाचं कोण ते वहीत लिहून घ्यायचं. आजीच्या पाया तर तो आनंदाने पडेल, तिथे देवाचा प्रश्नच नाही. पालीला जायचं असेल तर आजीला भंडाऱ्याच्या गर्दीतून सांभाळून न्यावं आणि आणावं. आजोबांच्या नावाने काही द्यावंसं वाटलं तर जवळच्या शाळेत पुस्तकं द्यावीत. "होळी लहान करा, पोळी दान करा" हे दाभोलकरांच्या समितीने शिकवलेल्या गावात त्याचं कुणाला नवल वाटायचं नाही. पण गुरुजींना मध्येच अर्थ विचारणं, विधी चालू असताना मोबाइलवर चित्रण करणं, पंगतीत चुलत्याशी वाद काढणं यातलं काहीही चालणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. त्याच्या मताचा मान राखायचा तर त्याने दुसऱ्याच्या दुःखाचा राखला पाहिजे.

भावकीतलं कुणी "पिंड न देणाऱ्याला वाटा कसला" असं म्हणालंच, तर घाबरू नका. हिंदू वारसा कायद्यात हक्क नात्याने मिळतो, श्रद्धेने नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेही म्हटलंय की धर्म सांगण्याची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. "तिकडे आम्ही मंडळाचा गणपती, संक्रांत, सगळं त्याच्यासाठीच करत आलो." मला वाटतं खरी भीती तिथे आहे. परक्या देशात मराठीपण देवघराच्या आधारानेच टिकवलंत, त्यामुळे मुलाने देव सोडला म्हणजे आपल्यालाही सोडलं असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही, ताई. आगरकरांचे निबंध मराठीतच आहेत. तुकोबांचे अभंग न मानणाऱ्यालाही पाठ असतात, माझ्या यजमानांना होते. त्याच्याबरोबर बसून हे वाचा. त्याने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीतच उत्तर द्या, मग तो प्रश्न देवाबद्दलचा का असेना.

तुमच्या यजमानांना तिकीट काढायला सांगा. आणि फोन रविवारी करा. तुमच्याकडे उन्हाळी वेळ चालू असताना तुमच्या दुपारी दोनला इथे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, तोवर सासूबाईंची पूजा आटोपलेली असेल.