पिकअप राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

सातपूरहून एका वाचकांची मेल आलीय. वय ५६, कारखान्याच्या टूलरूममधे (डाय, साचे बनवतात तिथे) होते, व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली, दोन महिन्यांपूर्वी ४२ लाख हातात आले. दिंडोरीकडे एका शेडमागे महिंद्राची जुनी एफसी-१५० पिकअप गंजत पडलीय, लहानपणी वडील तसल्याच गाडीतून लासलगावला कांदा न्यायचे. मालक १ लाख ६० हजार म्हणतोय, मेकॅनिक म्हणतो सहा लाखात नवी करून देतो, पुढे विकली तर १५ येतील. प्रश्न एवढाच, की एफडी मोडू का बायकोच्या सोन्यावर लोन काढू. आणि जाता जाता एक ओळ: बँकेतल्या मॅडमनी ४ लाख एका स्कीममधे टाकून दिलेत, वीस वर्षांनी ८० लाख मिळणार, त्यामुळे म्हातारपणाची काळजी नाही.

भाऊ, गाडीसाठी एफडी पण नको आणि सोनं पण नको. पण ते नंतर बघू, कारण ४ लाखाचे ८० लाख म्हणजे वीसपट, आणि गॅरंटीने वीसपट कोणी देत नाही, म्हणून तुमच्याकडून त्या स्कीमच्या कागदांचे फोटो मागवले, तर निघाली विम्याची पॉलिसी.

तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलंय, प्रीमियम भरायची मुदत १० वर्षं. म्हणजे ४ लाख एकदा नाही, दरवर्षी, एकूण ४० लाख, आणि मग विसाव्या वर्षी ८०, तेव्हा तुम्ही ७६ चे. तुमचा प्रत्येक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून दुप्पट होतोय, म्हणजे धड पावणेपाच टक्केसुद्धा नाही. आणि प्रपोजल फॉर्मची कॉपी बघितलीत का? पेशा "बिझनेस", वार्षिक उत्पन्न १५ लाख. व्हीआरएस घेतलेल्या माणसाचा असा फॉर्म त्या मॅडमनी भरला आणि तुम्ही खाली सही केलीत. टार्गेट त्यांचं पूर्ण झालं.

आता हिशोब. राहिले ३८ लाख. घरखर्च महिना ३५ हजार म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार, वर ४ लाख प्रीमियम. ८ लाखाच्या वर दरवर्षी जाणार आणि येणार काय तर एफडीचं व्याज आणि वहिनींच्या शिवणकामाचे महिन्याला आठ-दहा हजार. सहा-सात वर्षांत खडखडाट, पिकअप घेतली तर अजून आधी, आणि प्रीमियमचे हप्ते तेव्हाही शिल्लकच असणार.

पॉलिसी मिळून तुम्हाला २० दिवस झालेत. फ्री-लूक, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायची मुदत, ३० दिवसांचा असतो, म्हणजे दहा दिवस हातात आहेत (म्हणून हे उत्तर तुम्हाला आधीच मेलवर पाठवलंय). लेखी अर्ज थेट विमा कंपनीला, मेलवर पण आणि शाखेत देऊन पोच घेऊन पण. तेवढ्या दिवसांचं कव्हर, स्टॅम्प ड्यूटी, मेडिकल झाली असेल तर तो खर्च, इतकं कापून बाकी पैसे परत येतात. बँकेत जाऊन मॅडमशी चर्चा करत बसू नका, त्या "मॅनेजर लीव्हवर आहेत, पुढच्या आठवड्यात या" म्हणतील आणि मुदत निघून जाईल. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार, तिथेही नाही झालं तर पुण्याला विमा लोकपाल.

दुसरी मुदत अजून कोणी सांगितली नसेल. सरकारची सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम साठीनंतरच मिळते असं सगळ्यांना वाटतं, पण ५५ पूर्ण असेल आणि रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडलं तर तुम्हालाही मिळते. तुमचा एकच महिना उरलाय. ३० लाख टाका, सध्या ८.२ टक्के, तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिना साधारण साडेवीस हजार. शिवणकामाचे धरून साडेचार-साडेसहा हजाराची फट राहते, ती दोन वर्षं बाकीच्या १२ लाखांच्या व्याजातून भागेल, ५८ नंतर पीएफची पेन्शन आहेच.

आता पिकअप. गाडी भारी आहे, चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन, ड्रायव्हर इंजिनाच्या वर बसलेला, तुमच्यासारख्या टूलरूमवाल्याला हात लावावासा वाटणारच. पण सहा लाख हे रंग खरवडायच्या आधीचं एस्टिमेट आहे. केबिनचा फ्लोअर आणि चेसिसचे जोड खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला तर पत्र्याचं काम दुप्पट. नऊ लाख धरून चाला. १५ लाख ही जाहिरातीतली किंमत आहे, गिऱ्हाइकाने मोजलेली नाही. व्हिंटेज नंबरचं (जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी) म्हणाल तर २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या टूव्हीलर आणि माणसं नेणाऱ्या चारचाकी येतात, माल वाहायची म्हणून नोंद असलेली पिकअप बसत नाही.

हौस म्हणून घ्यायचीच तर पॉलिसीचे पैसे परत आल्यावर, त्यातले दोन लाख, त्याच्या वर एक रुपया नाही. गाडी त्यात येईल, पुढचं काम स्वतः करा, पार्ट जमतील तसे, पाच वर्षं लागली तर लागली. आणि आरसी कोणाच्या नावावर आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. पहिला मालक वारला असेल आणि वारसांच्या सह्या मिळत नसतील तर फुकट दिली तरी आणू नका.