शहरी राहणीमान बदलल्यामुळे पेट फूडच्या बाजारात नेमकं काय बदललंय?

तुम्ही विचारलंय की शहरातल्या बदलत्या राहणीमानाचा पेट फूडच्या विक्रीवर काय परिणाम होतोय, आणि नाशिकला असं दुकान टाकायचा तुमचा विचार आहे. मी पुण्यात वाकडला हाच व्यवसाय करतो. काउंटरवर रोज जे दिसतं तेच सांगतो.

‘लोकांचं प्राण्यांवरचं प्रेम वाढलं म्हणून विक्री वाढली’ हे कारण तुम्ही सगळीकडे ऐकाल. मला ते पटत नाही. वाड्यातल्या कुत्र्यालाही माणसं तेवढाच जीव लावायची. बदललंय ते एवढंच की दिवसा घरात कोणी नसतं. आधी आई-आजी घरी असायच्या, दुपारी उरलेली पोळी दुधात कुस्करली की झालं. आता नवरा-बायको दोघंही सकाळीच हिंजवडीला जातात आणि ट्रॅफिकमधून रात्री परततात. त्यांना वाटीत ओतून जाता येईल आणि संध्याकाळपर्यंत नासणार नाही असं काहीतरी लागतं. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के असतं, म्हणून ते टिकतं. ही माणसं खरं तर स्वयंपाकाचा वेळ विकत घेतात.

दुसऱ्या कारणाबद्दल फारसं कोणी बोलत नाही, ते म्हणजे शाकाहारी घरं. मुलगी लॅब्रेडॉर आणते आणि आई बजावते, माझ्या ओट्यावर चिकन शिजणार नाही. मग बंद पिशवी बाल्कनीत राहते, कुत्र्याचं भांडं वेगळं, सगळे खूश. माझी बरीच नेहमीची गिऱ्हाइकं अशा घरांतली आहेत. कुत्र्यासाठी शाकाहारी खाद्यही मिळतं आणि नीट बनवलेलं असेल तर त्याला ते चालतं. मांजरीसाठी कोणी शाकाहारी मागितलं तर मात्र समजावून सांगा. टॉरिन नावाचा घटक मांजरीचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, निसर्गात तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो.

2020 च्या लॉकडाऊननंतर माझ्याकडे मांजरीवाले खूप वाढले. वन बीएचकेमध्ये मांजर सोयीची, तिला सकाळ-संध्याकाळ फिरवायला न्यावं लागत नाही. त्यामुळे मोठ्या पोत्यांच्या जोडीला लहान पाऊच ठेवावेच लागतात. इथे एक गोष्ट शिकून घ्या, कारण गिऱ्हाईक विचारणारच. ड्राय फूडच्या पिशवीवर प्रोटीन 32 टक्के आणि ग्रेव्हीच्या पाऊचवर 8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणून लोकांना पाऊच निकस वाटतो. पण पाऊचमध्ये 82 टक्के पाणी असेल तर उरलेल्या 18 भागांत 8 भाग प्रोटीन आहे, म्हणजे 44 टक्के. ड्राय फूडचा तोच हिशेब 36 च्या आसपास येतो. शिवाय मांजर पाणी कमी पिते, तिला ओलं खाणं चांगलंच. फक्त पाऊचवर ‘संपूर्ण आहार’ लिहिलंय की ‘पूरक’ ते बघून द्या. पूरकवर पोट भरेल, पोषण होणार नाही.

आता उलटा प्रवाहही सुरू झालाय. तिशीतल्या जोडप्यांना पिशवीतलं नको असतं, कुत्र्यासाठी ताज्या जेवणाचा डबा लावतात किंवा रविवारी एकदम शिजवून फ्रीझरला टाकतात. इच्छा चांगली आहे, पण बोनलेस चिकन, भात आणि भोपळा एवढ्यावर महिनोन् महिने काढले तर कॅल्शियम कमी पडतं, आणि वाढत्या पिल्लाची हाडं कच्ची राहतात. अशांना पशुवैद्याकडून आहार ठरवून घ्यायला सांगा. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲप्सशी किमतीत भिडू नका, टिकणार नाही. खाद्य बदलताना आठवडाभर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळायचं, नसबंदीनंतर वजन वाढतं म्हणून माप कमी करायचं, बिस्किटं दिवसाच्या खाण्यात धरायची, हे ॲपवरून घेणाऱ्या गिऱ्हाइकांना कोण सांगणार? फ्लॅटमधली जनावरं हालचाल कमी करतात, त्यातून लठ्ठ होतात. ते सांगणाऱ्या दुकानात माणूस परत येतो.

आणि सुटं विकू नका. वीस किलोचं पोतं फोडून किलोकिलोने विकायची पद्धत आहे, मागणीही येते. पण उघड्या हवेत त्यातली चरबी खवट होते. महिनाभर उघड्या राहिलेल्या पोत्यात हात घालून वास घेऊन बघा, जुन्या तेलासारखा येतो. तोच माल पिल्लाला जातो आणि जुलाब लागले की दोष कंपनीला.

नाशिकला अजून बंगले आणि रो-हाऊस बरीच आहेत, त्यामुळे वाकडचं गणित तिथे जसंच्या तसं लागेल असं धरू नका. गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी आठवडाभर संध्याकाळी त्या भागात फिरा, कुत्री मोठी दिसतात की शिह त्झूसारखी लहान ते बघा. सोसायटीच्या वॉचमनलाही विचारा, पार्सलमध्ये कुणाचं खाद्य येतं ते त्याला पाठ असतं. पहिला माल त्यावरून भरा.