लेबल एक सांगतं, खोबण दुसरंच

प्रश्न : एकाच गाण्याच्या दोन सिंगल माझ्याकडे आहेत. एक दुसरीपेक्षा पाच सेकंद आधी संपते. हे वेगळं एडिट, म्हणजे कापून बनवलेली वेगळी आवृत्ती, समजायचं का?

उत्तर : इतक्यात नको. आधी टर्नटेबलचा वेग तपासा. तबकडी ३ टक्के जलद फिरली तर तीन मिनिटांचं गाणं तेवढ्यानेच पाच सेकंद लवकर संपतं. स्ट्रोब तबकडी (विजेबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली वेग दाखवणारी रेघांची चकती) ठेवा आणि सुई एखाद्या रेकॉर्डवर टेकवूनच पाहा, कारण सुईच्या ओढीने वेग किंचित उतरतो. ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं पाहिजे. ४५ साठी १३३ रेघा असतात, पण त्या नेमक्या ४५.११ ला थांबतात. म्हणजे वेग अचूक असतानाही त्या अगदी सावकाश मागे सरकतील. तो दोष नव्हे. चांगल्या एलईडी दिव्याखाली मात्र हा खेळ चालत नाही, निऑनचा छोटा दिवा लागतो.

वेग बरोबर निघाला की दोन्ही बाजू संगणकावर उतरवून घ्या आणि एकूण वेळेऐवजी टप्पे मोजा : पहिल्या सुरापासून दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या शब्दापर्यंत, तिथून मधल्या संगीतापर्यंत, मग शेवटापर्यंत. सगळेच टप्पे सारख्या प्रमाणात आखडले असतील तर फरक वेगाचा. कडवी जुळतात आणि मधलं संगीतच तोकडं, तर टेप कापलेली आहे. फक्त शेवट लवकर विरतो, तर ते नुसतं लवकर केलेलं फेड. संग्राहकांच्या याद्यांत या तिसऱ्या प्रकारालाही ‘दुर्मीळ एडिट’ म्हणतात, हे आम्हाला पटत नाही.

लेबलवरच्या वेळेवर तर विसंबूच नका. १९६४ च्या ‘यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’ या सिंगलवर ३:०५ छापलं होतं. गाणं होतं पावणेचार मिनिटांचं. लांब गाणी लावायला रेडिओवाले कां-कूं करत, म्हणून ही हातचलाखी.

प्रश्न : ‘मोनो’ लिहिलेल्या एलपीवर खरंच वेगळं मिक्स (आवाज आणि वाद्यांची वेगळी जुळणी) आहे, की स्टिरिओचेच दोन चॅनल एकत्र केलेत, हे कसं कळावं?

उत्तर : स्टिरिओ प्रत उतरवून तिचे चॅनल स्वतः एकत्र करा आणि मोनो प्रतीशेजारी ठेवून ऐका. चॅनल एकत्र केले की मध्यभागी ठेवलेला गायकाचा आवाज कडेच्या वाद्यांच्या तुलनेत साधारण ३ डेसिबलने वर येतो. तुमच्या मोनो प्रतीतही आवाज तेवढाच पुढे असेल आणि बाकी काहीच बदललेलं नसेल, तर ते जोडकाम आहे.

वेगळं मिक्स बहुधा बारीकसारीक जागी सापडतं : प्रतिध्वनी किती, गायकाचा स्वतःवरच चढवलेला दुहेरी आवाज कुठे सुरू होतो, टाळ्या आहेत का, फेड कुठे संपतं. बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या कव्हरच्या अल्बमवर ‘हेल्टर स्केल्टर’ स्टिरिओत विरून पुन्हा वर येतं आणि बोटांना फोड आल्याच्या आरोळीने संपतं. मोनोत तो भागच नाही. १९६७ च्या ‘शीज लीव्हिंग होम’चं मोनो मिक्स स्टिरिओपेक्षा जलद आणि वरच्या पट्टीत आहे. अशा वेळी टर्नटेबलवर संशय घेण्याआधी त्याच बाजूची इतर गाणी तपासा. एकच गाणं चढं असेल तर चढ मिक्समधलाच.

एक प्रत उलट्या फेजने (ध्वनिलहर उलटी करून, म्हणजे सारखा भाग एकमेकांना खोडतो) दुसरीत मिसळायची युक्तीही करता येते, पण विनाईलवर पूर्ण शांतता मिळण्याची आशा धरू नका. भोक जरासं मध्याबाहेर असलं तरी वेग हेलकावतो. पाच-दहा सेकंदांचे तुकडे जुळवा. मिक्स एकच असेल तर पोकळ, घोंघावणारा आवाज उरतो. गिटार किंवा गायकाचा आवाज स्पष्ट उठून राहिला तर मिक्स वेगळं.

प्रश्न : लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावरचे आकडे वाचून मिक्स ओळखता येतं का?

उत्तर : सुगावा लागतो, पुरावा नाही. दिवा तिरका धरा आणि दहापट भिंग वापरा. साठच्या दशकातल्या ब्रिटिश ईएमआय कंपनीच्या तबकड्यांवर मॅट्रिक्स क्रमांकाच्या (त्या बाजूच्या ओळख-क्रमांकाच्या) शेवटी -१, -२ असतं, तो लॅकर, म्हणजे टेपवरून खोबण कोरलेली मूळ तबकडी, कापल्याचा क्रम. आकडा बदलला म्हणजे नव्याने कापलं. तेव्हा टेप बदलली असू शकते, पण बहुतेकदा तीच असते. घड्याळात नऊ वाजतात त्या जागी मदरचा (लॅकरपासून पुढे बनलेल्या धातूच्या नकलेचा) आकडा, तीनच्या जागी स्टँपरची (मदरवरून बनलेल्या, तबकड्या दाबायच्या साच्याची) अक्षरं. ‘GRAMOPHLTD’ या इंग्रजी अक्षरांना ओळीने १ ते ९ आणि शेवटच्या डीला शून्य. स्टँपर बदलल्याने मिक्स बदलत नाही, त्यासाठी दुसरी प्रत घेऊ नका.

प्रश्न : बारा इंची ‘लाँग व्हर्जन’ नव्याने मिक्स केलेलं, की ओढून लांबवलेलं?

उत्तर : एखादी चूक धरून ठेवा, उदाहरणार्थ किंचित उशिरा पडलेला ड्रमचा ठोका. तीच चूक तशीच्या तशी पुन्हा आली तर टेपची नक्कल जोडली आहे. एरवी झाकलेलं वाद्य एकटं ऐकू आलं तर मल्टिट्रॅकपर्यंत (प्रत्येक वाद्य वेगळं असलेल्या मूळ टेपपर्यंत) जाऊन काम झालंय. दुकानात विकली गेलेली पहिली बारा इंची सिंगल मानली जाणारी, १९७६ ची ‘टेन पर्सेंट’, वॉल्टर गिबन्स यांनी नऊ मिनिटांच्या पुढे नेली.

प्रश्न : रेडिओसाठीच्या प्रमो प्रतीत दोन्ही बाजूंना तेच गाणं आहे. ठेवू का?

उत्तर : ठेवा. बहुधा एक बाजू मोनो, दुसरी स्टिरिओ असते, आणि कधी एका बाजूला छोटं एडिट. मात्र पहिल्या दोन-तीन सेकंदांत खरखर असेल तर ते मिक्स नव्हे : गाण्याची सुरुवात नेमकी धरण्यासाठी सुईखाली तबकडी मागेपुढे फिरवली जाई, त्याने खोबण झिजते. तबकडी पॉलिस्टायरीनची असेल तर ही झीज फार लवकर होते, आणि धुऊन जात नाही.