उन्हाळ्यात स्वयंपाकघरात उभं राहवत नाही आणि सकाळचा डबा दुपारपर्यंत आंबतो. तुम्ही घरी काय करता?

तुम्ही साताऱ्याहून नागपूरला आलात, दोघंही नोकरीला, घरात सहा वर्षांची मुलगी आणि सकाळी सातला भरलेला डबा एक वाजता उघडला की वास मारतो, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय पन्हं-ताक करून ठेवता येतं का आणि फ्लॅटमध्ये वाळवण जमेल का, हेही विचारलंय. मी अकोल्यात राहते, माहेर राजापूरकडचं. म्हणजे तुमच्यासारखीच बाहेरून या उन्हात येऊन पडलेली, फक्त तीसेक वर्षं आधी.

माझी पहिल्या उन्हाळ्यातली फजिती ऐका. १९९४ चा चैत्र. सासरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू, पंचवीस बायका यायच्या होत्या. आंबेडाळ मी करणार, असं मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलेलं. संध्याकाळी घाई नको म्हणून सकाळी आठलाच डाळ वाटली, कैरी किसून घातली, वरून चरचरीत फोडणी दिली आणि डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवलं. पाच वाजता झाकण काढलं तर डाळ फुगून वर आलेली, बोट लावलं की तार सुटत होती. सासूबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "हे तुह्या कोकणातलं ऊन नाही व माय." त्या वर्षी बायकांना भिजवलेले हरभरे, पन्हं आणि कलिंगडाची फोड यावरच भागवावं लागलं.

आता मी आंबेडाळ करते ती खाण्याच्या तासभर आधी. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवलेली असते, पण ती उपसून फ्रिजमध्ये ठेवलेली. वाटताना पाणी अजिबात नाही, भरडच ठेवायची. फोडणी वेगळी करून पूर्ण गार झाल्यावर घालायची. गरम फोडणी पडली की कच्च्या डाळीचा तजेला जातो, आणि झाकणाखाली ती ऊब कोंडून राहते ते वेगळंच.

तुमच्या डब्याचं दुखणं हेच आहे. तुम्ही गरम भाजी, गरम पोळी भरून झाकण लावत असणार. आतल्या वाफेचं पाणी होतं आणि बाहेर चाळीसच्या वर पारा, मग अन्न आंबणार नाही तर काय होणार? भाजी झाली की ताटात पसरा, पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मगच डबा भरा. पोळ्या एकावर एक न रचता जाळीवर टाका. एवढं केलंत तरी निम्मी तक्रार मिटेल. उरलेली निम्मी ओल्या खोबऱ्यामुळे आणि उकडलेल्या बटाट्यामुळे असते. एप्रिल ते जून डब्याच्या भाजीत ओलं खोबरं नको. दाण्याचं किंवा तिळाचं कूट घाला. भाजी कोरडीच ठेवा. गवार, भेंडी, कारलं, दोडक्याच्या शिरांची चटणी, मोकळी मुगाची डाळ, यातलं काहीही चालतं. पोळीऐवजी आठवड्यातून दोनदा दशमी करा. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, तेवढाच फरक. पूर्वी प्रवासाला दशम्याच बांधून द्यायचे, कारण त्या मऊही राहतात आणि टिकतातही.

मुलीला भात लागत असेल तर दहीभाताची एक युक्ती आहे. भात मऊ शिजवून कोमट होऊ द्या. मग त्यात दही न घालता दूध घाला, भात अगदी सैल होईल इतकं, आणि विरजणापुरतं एक चमचा दही. शाळेत डबा उघडेपर्यंत डब्यातच दही लागतं आणि आंबट होत नाही. फोडणी गार करून घाला. साधा पांढरा भात मात्र ओट्यावर तासन्‌तास राहू देऊ नका. वास आला नाही तरी तो पोट बिघडवू शकतो. दोन तासांच्या आत संपवा नाही तर फ्रिजमध्ये टाका.

आणि गॅस पेटवायची वेळ बदला. आमच्याकडे उन्हाळ्यात मुख्य स्वयंपाक सकाळी साडेपाच ते साडेसात एवढ्यातच उरकतो. डाळ, कडधान्यं रात्रीच भिजवलेली, भाजी चिरलेली. संध्याकाळी फक्त पोळ्या किंवा भाकरी, बाकी सगळं गार. कुकर लावायचाच तर दुपारी लावू नका. शिट्ट्यांची वाफ खोलीत भरते आणि तासभर हलत नाही. कणीकही दोन वेळची एकदम मळून बाहेर ठेवू नका, चारपर्यंत ती काळवंडून आंबूस होते.

संध्याकाळचं ते गार जेवण कशाचं, तर आमच्याकडे मुख्यतः कैरीचं.

तक्कू हा इकडचा. मी माहेरी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. एक कैरी सोलून किसायची, तेवढाच कांदा किसायचा, गूळ, मीठ, लाल तिखट घालायचं आणि वर मोहरी, हिंग, चार मेथीदाण्यांची फोडणी. दहा मिनिटं ठेवलं की गूळ सुटतो आणि सगळं रसरशीत होतं. ज्वारीची भाकरी, तक्कू आणि ताक, एवढ्यावर माझे यजमान महिनाभर जेवू शकतात. कांदा असल्यामुळे दुसऱ्या दिवसाला ठेवायचा नाही.

मेथांबा मात्र फ्रिजमध्ये पंधरा दिवस टिकतो. अर्धा किलो कैरीच्या फोडी. तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे, हिंग, हळद. मेथी तांबूस झाली की लगेच फोडी टाकायच्या. काळी झाली तर अख्खी कढई कडू होते आणि कितीही गूळ घाला, ते सावरत नाही. अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा, सात-आठ मिनिटांत फोड बोटाने दाबली जाते. त्यानंतरच तिखट, मीठ आणि साधारण कैरीएवढा गूळ. नवशिक्या इथेच चुकतात. गूळ आधी पडला की फोडी शिजतच नाहीत, चिवट राहतात, आणि मग कैरीलाच नावं ठेवली जातात. गूळ विरघळला की एक उकळी आणि गॅस बंद. गार झाल्यावर तो आणखी दाटतो, म्हणून कढईत थोडा पातळ वाटला तरी घाबरू नका.

पन्ह्यासाठी अर्धा किलो कैऱ्या घ्या. देठ कापून तासभर पाण्यात ठेवा म्हणजे चीक निघून जातो. घसा खवखवतो तो याच चिकाने. कुकरच्या भांड्यात पाणी न घालता तीन शिट्ट्या. गार झाल्यावर गर काढा आणि एक वाटी गराला दीड वाटी गूळ धरा. कैरी फारच आंबट असेल तर दोन. चवीपुरतं मीठ, वेलदोड्याची पूड. माझी आई केशर घालायची, मी घालत नाही, गुळाच्या रंगात ते दिसतही नाही. आता पाणी न घालता हा गर काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. ऑफिसातून आलात की ग्लासात दोन मोठे चमचे गर आणि माठाचं पाणी. दहा दिवस सहज जातात. मीठ विसरू नका. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं. आणि एक, पन्हं कितीही गुणाचं असलं तरी कुणाला खरंच ऊन लागलं, अंग तापलं, माणूस बरळायला लागला, तर पन्ह्याचा ग्लास घेऊन बसू नका, दवाखाना गाठा.

कैरी असो, कोकम असो की ताक, पितळेच्या भांड्यात कल्हई नसेल तर ठेवायचं नाही, कळकतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यातही नको.

ताकाबद्दल विचारलंत. ते आंबतं कारण विरजण तुम्ही साताऱ्याच्या हिशोबानेच लावताय. रात्री दहाला लावलेलं दही इथे पहाटे तीनलाच लागलेलं असतं, पुढचे चार तास ते नुसतं आंबत बसतं. मी विरजण सकाळी साडेपाचला लावते. अर्धा लिटर दूध, साधारण खोलीच्या तापमानाचं, त्यात अर्धा चमचा दही. अकराच्या सुमारास लागतं, तेव्हा फ्रिजमध्ये. तुम्ही घरी नसता, म्हणून तुम्ही झोपताना लावा, पण दूध फ्रिजमधून काढलेलं गारच घ्या आणि विरजण चिमूटभर. सकाळी उठल्या उठल्या फ्रिजमध्ये टाका. तरीही ताक आंबलंच तर न ढवळता तासभर ठेवा. वर निवळ येते, ती ओतून टाका आणि तेवढंच ताजं गार पाणी घाला. बराच आंबटपणा निघून जातो. त्याने भागलं नाही तर कढी करा. बेसन गार ताकातच नीट घुसळून घ्या, मंद आचेवर ढवळत राहा, झाकण ठेवू नका, म्हणजे फुटणार नाही.

उरलेलं ताक आंबिलीत घालता येतं. ही मला सासूबाईंनी दिली आणि मी कोकणातल्या सगळ्या सरबतांच्या वर तिला मान देते. ज्वारीचं पीठ चार चमचे, वाटीभर ताकात रात्री कालवून ठेवायचं. सकाळी तीन वाट्या पाणी उकळून त्यात ते ओतायचं, गुठळी होऊ न देता पाच-सात मिनिटं शिजवायचं. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. गार झाल्यावर आणखी ताक घालून सैल करायची आणि कांदा तोंडी लावत प्यायची. उन्हातून आलेल्या माणसाला इकडे पूर्वापार हीच देतात. इथे लोक उन्हात निघताना खिशात कांदाही ठेवतात. मला वाटतं, तो आंबिलीबरोबर पोटात गेलेला बरा.

सोलकढीची मला अजून आठवण येते, पण इथे ती मी क्वचितच करते, कारण इकडे हाताला लागणारे नारळ जुने, बरेचदा खवट निघतात. करायचीच असेल तर दहा-बारा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, नारळाचं दूध, लसूण, मिरची, मीठ. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरणार असाल तर मीठ हात राखून, त्यात आधीच असतं. जेवायच्या आधी पंधरा मिनिटं एकत्र करा आणि उरवू नका. नारळाचं दूध या हवेत फार लवकर उतरतं.

एका गोष्टीत मात्र तुम्ही सुदैवी आहात. राजापूरला आमच्या माठात पाणी नुसतं कमी गरम असायचं. समुद्राकाठची हवा दमट, तिथे माठ पाझरला तरी पाणी फारसं उडत नाही. इथल्या कोरड्या हवेत ते पाझरलेलं पाणी सारखं उडत राहतं आणि आतलं गार होतं. माठ वारा लागेल असा खिडकीत ठेवा, खाली वाळूचं ताट, ती वाळू ओली. माठाला तेलकट हात लावू नका आणि बाहेरून रंगवलेला घेऊ नका, भोकं बुजतात. नवा माठ दोन दिवस भरून ते पाणी झाडांना घाला. वाळ्याची जुडी धुऊन आत टाका, आठवड्याने बदला.

माठाला जी हवा मानवते तीच कुलर बिघडवतो. कुलरची दमट हवा स्वयंपाकघरात येत असेल तर मीठ सादळतं, पापड सादळतात, रवा-पोह्यात जाळी होते. मी कुलर लागला की मिठाचा डबा कपाटात हलवते. कुलरची खोली आणि ओटा यांच्या मधलं दार बंद ठेवा.

राहिलं वाळवण. पहिल्याच वर्षी कुरडयांच्या वाटेला जाऊ नका. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, घाटा, हे दोघं नोकरीला असताना होत नाही. बटाट्याचा कीस करा. दोन किलो बटाटे सोलून मोठ्या किसणीने थेट पाण्यात किसा, दोन-तीनदा पाणी बदलून पिठूळपणा काढा, तुरटीचा खडा फिरवा म्हणजे पांढरा राहतो. उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून उपसा. पारदर्शक दिसायला लागला की पुरे, मोडला तर गेला. गॅलरीत चादरीवर प्लॅस्टिक घालून मोकळा पसरा. आमच्या आईला यासाठी तीन दिवस लागायचे, वर कावळे हाकायला एक पोर बसवावं लागायचं. तुमच्याकडे सकाळी आठला घातलेला कीस संध्याकाळी सहाला कडकडीत वाजतो. मुलीला राखण द्यायची तर तासाभरापुरती द्या, तीही सकाळची. आम्हा भावंडांवर राखण असली की अर्धवट वाळलेला, वरून कुरकुरीत आणि आतून चामट असा कीस कावळ्यांपेक्षा आम्हीच जास्त संपवायचो.