पावतीवर ३२००, पडद्यावर १६००

पावतीवर ३२०० लिहिलेली तुमची डीडीआर४ रॅम सीपीयू-झेड या संगणकाच्या भागांची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरी टॅबमध्ये १६०० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसते, एवढ्यावरून राजारामपुरीतल्या दुकानदाराशी हुज्जत घालायला निघू नका; डीडीआर रॅम क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, आणि विंडोजचा टास्क मॅनेजर थेट तो दुप्पट आकडाच दाखवतो. तिथेही २१३३ किंवा २६६६ दिसले, तर मात्र बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे का ते पाहा. अर्थात मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांना तो वेग पेलायला हवा.

प्रोसेसरच्या वेगाचा आकडा तर सतत हलणारच. काम नसताना तो वीज वाचवण्यासाठी बेस स्पीडच्या (कंपनीने दिलेल्या मूळ वेगाच्या) बराच खाली उतरतो, म्हणून एखादे मोठे फोल्डर झिप करायला लावून मगच तो वाचा. तेव्हाही तो खालीच अडकून राहिला, तर (आपल्याकडच्या एप्रिलात विशेषतः) आधी तापमान आणि पंख्यात साचलेली धूळ तपासा.