शंभर वर्षांपूर्वी शहाण्या माणसाला वेड्यांच्या इस्पितळात डांबलं, तर तो सुटायचा कसा? आणि पुढे भरपाई मिळायची का?

आतल्या डॉक्टरांना ‘मी शहाणा आहे’ हे पटवून सुटलेला माणूस मला तरी जुन्या खटल्यांत भेटलेला नाही. गप्प बसलं तर खिन्नता, चिडलं तर उन्माद आणि मुद्देसूद बोललं तर ‘आजाराची जाणीवच नाही’! जे सुटले ते पळून, नाहीतर बाहेर काहीतरी भलतंच घडलं म्हणून.

मी दिवाणी वकिली करतो. टॉर्ट (दिवाणी नुकसानभरपाईचा कायदा) शिकताना ‘हार्नेट विरुद्ध बाँड’ हा इंग्लंडचा निकाल वाचला होता, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. विल्यम हार्नेट हा केंट परगण्यातला शेतकरी. १९१२ मध्ये त्याच्या डोक्यावर थोडे दिवस खरोखरच परिणाम झाला होता, त्यामुळे पहिल्या भरतीबद्दल त्याची तक्रार नव्हतीच. डिसेंबरात त्याला काही आठवड्यांच्या रजेवर सोडलं. मग या गृहस्थाने अगदी सरळमार्गी माणसाला शोभेल असं पाऊल उचललं. वेड्यांच्या इस्पितळांवर देखरेख ठेवणाऱ्या आयुक्तांच्या लंडनच्या कचेरीत तो स्वतःच्या पायांनी गेला. तिथे डॉ. बाँड यांना तो उत्तेजित वाटला. त्यांनी इस्पितळाच्या डॉक्टरांना फोन केला, मोटार येईपर्यंत काही तास त्याला थांबवून ठेवलं आणि परत पाठवलं. पुढची जवळजवळ नऊ वर्षं तो एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरत राहिला. १९२१ मध्ये पळाला, बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं, तर त्यांनी शहाणा ठरवला.

पळण्याला तिथे कायद्यानेच किंमत होती. १८९०च्या इंग्लिश कायद्याप्रमाणे पळालेल्या रुग्णाला जुन्या हुकमावर १४ दिवसांच्या आतच पकडता येई. त्यानंतर पकडायचं तर सगळे कागद नव्याने करायला हवेत. म्हणजे १५ वा दिवस बाहेर उजाडला की निदान सुरुवातीपासून भांडता येई. याच कायद्यात आणखी एक फट होती. आयुक्त, लॉर्ड चॅन्सेलर (तिथल्या न्यायव्यवस्थेचा प्रमुख) वगैरेंना लिहिलेलं पत्र न फोडता पुढे पाठवणं डॉक्टरांवर बंधनकारक होतं. बायको-भावाला लिहिलेलं मात्र ते अडवू शकत. आत अडकलेल्याने घरच्यांना विनवण्या लिहिण्यापेक्षा साहेबाला अर्ज लिहिलेला बरा, असा हा प्रकार.

अमेरिकेत मुदतीपेक्षा राज्याची हद्द कामाची ठरली. जॉन आर्मस्ट्राँग चॅलोनर हा अ‍ॅस्टर घराण्यातला गडगंज माणूस. तो समाधी लावून आपोआप लिहिण्याचे प्रयोग करी. विक्षिप्त होताच, त्यात वाद नाही. १८९७ मध्ये भावांनी त्याला न्यूयॉर्कजवळच्या ब्लूमिंगडेल इस्पितळात टाकलं. १८९९ मध्ये कोर्टाने त्याच्या गैरहजेरीत त्याला वेडा ठरवलं. १९०० मध्ये तो निसटला, व्हर्जिनियात गेला आणि १९०१ मध्ये तिथल्या कोर्टाकडून स्वतःला शहाणा ठरवून घेतलं. त्यानंतर १९१९ पर्यंत हा माणूस व्हर्जिनियात शहाणा आणि न्यूयॉर्कात वेडा होता! १९१० मध्ये त्याच्या भावाने एका गायिकेशी लग्न करताना आपली मालमत्ता तिच्या नावावर केली, तेव्हा याने तार ठोकली : ‘आता वेडा कोण?’ तार फार गाजली.

पण चॅलोनरकडे पैसा होता, हे सोडून चालणार नाही. ज्यांच्याकडे ना पैसा, ना पळून जायला दुसरं राज्य, त्यांच्यासाठी साउथ डकोटातलं कँटन बघा. १९०२ मध्ये तिथे खास मूळनिवासी अमेरिकनांसाठी वेड्यांचं इस्पितळ उघडलं. सरकारनेच पाठवलेल्या डॉ. सॅम्युअल सिल्क यांनी १९२९ मध्ये तिथली साखळदंड आणि कुलपं नोंदवली. अनेकांना तिथे ठेवायचं कारणच नव्हतं, हेही तपासात निघालं. बंद झालं १९३४ मध्ये. १२१ जण तिथेच पुरलेले आहेत आणि ती जागा आज गावच्या गोल्फ मैदानात येते.

आपल्याकडचा १९१२चा कायदा १८९०च्या इंग्लिश कायद्याच्याच वळणाचा होता : नातेवाइकाचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले, मॅजिस्ट्रेटचा हुकूम. तो १९९३ पर्यंत चालला. ‘येरवड्याला पाठवा’ हे आपण थट्टेत म्हणतो. वाटणीच्या दाव्यात ‘प्रतिवादी भ्रमिष्ट आहे’ हे वाक्य आलं की मी अर्जदाराचा हिस्सा किती वाढतो ते आधी बघतो.

आता भरपाई. हार्नेटला १९२४ मध्ये ज्युरीने २५,००० पौंड दिले. पेपरांत खळबळ माजली. पण अपिलात ते टिकलं नाही. बाँड यांची जबाबदारी कचेरीतल्या त्या काही तासांपुरतीच, नऊ वर्षांची नाही, असं ठरलं आणि १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही, तेच कायम केलं. त्याला ते २५,००० पौंड मिळाले नाहीत, पण खळबळीतून १९२४ मध्ये शाही आयोग नेमला गेला आणि त्यातून पुढे १९३०चा नवा कायदा आला. स्वतःहून दाखल होण्याची वाट त्या कायद्याने मोकळी केली.

दुसरं उदाहरण लॉस एंजेलिसच्या क्रिस्टीन कॉलिन्सचं. १९२८ च्या मार्चमध्ये तिचा नऊ वर्षांचा मुलगा वॉल्टर हरवला. ऑगस्टमध्ये पोलिसांनी दुसराच पोरगा आणून दिला. पोलीस कॅप्टन जोन्सने वर सुचवलं की थोडे दिवस ठेवून तर बघा! ती दातांच्या नोंदी घेऊन परत आली, तर त्याने तिची रवानगी मनोरुग्णांच्या वॉर्डात केली. काही दिवसांनी ती सुटली, कारण त्या पोरानेच ‘मी वॉल्टर नाही’ अशी कबुली दिली. तिने जोन्सवर दावा लावला, १९३० मध्ये जिंकला, १०,८०० डॉलरचा हुकूमनामा मिळवला. जोन्सने ते कधीच भरले नाहीत. हुकूमनामा मिळाला तरी वसुली वेगळी, हे दिवाणी कोर्टात चपला झिजवलेल्या कुणालाही सांगायला नको.