मित्रांच्या मेटल बँडचं मिक्स गढूळ वाटतंय, त्यांना कसं सांगू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रांच्या मेटल बँडने पहिलं गाणं स्वतःच रेकॉर्ड आणि मिक्स (सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणं) करून तुमचं मत मागितलंय. तुम्हाला सगळं गढूळ ऐकू येतंय, आणि त्यांचा हिरमोड न करता ते सांगायचंय.

खरं ते सांगाच. मत मागणाऱ्याला ‘भारी झालंय’ म्हणून वाटेला लावणं हा मला त्याच्या मेहनतीचा अपमान वाटतो. फक्त बोलण्याआधी प्रत्येक दोषाबद्दल एक गोष्ट ठरवा: हा दोष मिक्समधला आहे, रेकॉर्डिंगमधला की वाजवण्यातला? मिक्समधला असेल तर आज रात्री बसून सुधारता येतो. रेकॉर्डिंगमधला असेल तर गिटार पुन्हा वाजवून घ्यावी लागते. नुसतं ‘गढूळ आहे’ म्हणून सोडून दिलंत, तर मिक्स करणारा बिचारा आठवडाभर इक्यूशी (आवाजातले खालचे-मधले-वरचे भाग कमी-जास्त करायच्या साधनाशी) झटापट करत बसतो आणि हाती काही लागत नाही.

आधी त्यांना विचारा, कुणासारखा आवाज डोक्यात होता? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडनी खरखरीत, पातळ आवाज बऱ्याचदा मुद्दाम ठेवला. त्यांना तेच हवं असेल तर तुमचं निम्मं मत गैरलागू ठरेल. मग त्यांनी सांगितलेलं गाणं आणि हे गाणं आलटून पालटून ऐका, पण आवाजाची पातळी सारखी करून. जरा मोठ्याने वाजणारं गाणं कानाला आपोआप सरस वाटतं, आणि मास्टर होऊन (मिक्सवर शेवटचा हात फिरून) बाहेर आलेलं गाणं बहुतेक वेळा मोठंच असतं. एकदा अगदी हळू आवाजातही ऐका. हळू आवाजात कान खर्ज कमी पकडतो (फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं), त्यामुळे गिटार, स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) आणि गायन यांत कोण कुणाला झाकतंय ते लगेच कळतं.

मेटलमध्ये गढूळपणाचं मूळ बहुतेक वेळा गिटारमध्ये असतं. ड्रॉप सी ट्यूनिंगमध्ये (जाड तार सी स्वरापर्यंत उतरवून) गिटारची सर्वांत जाड तार साधारण ६५ हर्ट्झवर वाजते, बेस गिटार तिच्या एक सप्तक खाली, आणि किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोकाही तिथेच आसपास. त्यात एकट्याने वाजवताना छान वाटतो म्हणून गिटारवादक खर्ज आणि टीप दोन्ही चढवून मिड कापून टाकतो. पूर्ण बँडमध्ये हाच टोन गायब होतो: खालचा भाग बेसमध्ये बुडतो, वरचा सिम्बलमध्ये विरतो, आणि गिटार जिथे खरी ऐकू येते तो मधला भाग आधीच कापलेला असतो. इथे नेमकं सुचवता येतं. गिटारचं ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, मूळ स्वर बेसला सांभाळू द्या, आणि मिड परत आणा.

पण गेनच (गिटारचा आवाज फाटका करणारी पातळी) जास्त असेल तर तो टोन तसाच रेकॉर्ड झालेला आहे. पाम म्यूटचे (तळहाताने तारा दाबून वाजवलेले) ठोके सुटे ऐकू न येता त्यांची सलग गुरगुर होत असेल, तर इक्यूने काही होणार नाही. गेन कमी करून पुन्हा वाजवायला हवं, डावीकडे एकदा आणि उजवीकडे वेगळं एकदा. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला असेल तर आवाज रुंद न होता मधोमधच राहतो. हेडफोन लावलात की लक्षात येईल.

डबल बेसचं (दोन्ही पायांनी किक भराभर वाजवण्याचं) गणित त्यांना करून दाखवा. मिनिटाला २०० मात्रांच्या वेगात सोळांशाचे ठोके, म्हणजे एका मात्रेत चार, वाजवले तर दोन ठोक्यांत फक्त ७५ मिलिसेकंद. किकचा घुमारा त्याहून लांबला की पुढचा ठोका मागच्यात मिसळतो. घुमारा आखडता घ्यायचा आणि ३ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपासची टकटक थोडी पुढे आणायची. स्नेअर पोकळ वाटत असेल आणि तिला वरून-खालून दोन माइक लावले असतील, तर खालच्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलची दिशा) उलटी करून बघायला सांगा. एका बटणाचं काम आहे.

बेस ऐकूच येत नाही म्हटलं की कुणीतरी मेटॅलिकाच्या १९८८ च्या अल्बमचा दाखला देईलच. त्यात बेस जवळजवळ नाही हे खरं, पण चाहते आजही त्याची तक्रारच करतात, आणि १९९१ च्या पुढच्याच अल्बममध्ये त्याच बँडचा बेस ठळक ऐकू येतो.

एका वेळी तीनच मुद्दे द्या, आणि पहिल्यांदा मिक्स करणाऱ्याला एकट्याला, बँडच्या ग्रुपवर नको. मी साधारण असं लिहीन:

“दुसरा रिफ जबरदस्त आहे, म्हणूनच तो नीट ऐकू यावा असं वाटतं. १:१२ ला डबल बेस सुरू झाला की डावी गिटार हरवते. किकचा घुमारा कमी करून बघशील का? पूर्ण गाण्यात गिटारचे मिड कमी वाटतात. आणि २:४० च्या ब्रेकडाउनला दोन्ही गिटार एकत्र पडत नाहीत, तो भाग परत वाजवून घेतलात तर बरं, मिक्समध्ये ते झाकलं जाणार नाही.”

ड्रमरचा एक पाय हलका पडतोय किंवा गायकाचा दम तुटतोय, असलं काही असेल तर ते त्या त्या माणसाशी समोरासमोर बोला. नवं मिक्स आलं की तेही जुन्याशी पातळी जुळवून ऐका आणि तुमचे तीन मुद्दे सुटले का, तेवढंच आधी कळवा.